अंधार कुणी पुरवायचा? स्वस्त प्रोजेक्टर आणि ठाणे-डोंबिवलीची घरं

पंधरा-वीस हजारांत भिंतभर चित्र मिळत असेल तर टीव्हीवर त्याहून जास्त पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घरांत आता वरचेवर निघतो. प्रश्न रास्त आहे. इथल्या साध्या वन-बीएचकेचा हॉल दहा बाय चौदा-पंधरा फुटांचा असतो आणि त्यातच सोफा-कम-बेड, शोकेस, मुलांचं टेबल, देव्हारा, घडी घालून ठेवलेल्या गाद्या असं सगळं मावायचं असतं. मोठा टीव्ही एक भिंत कायमची अडवतो, प्रोजेक्टर काम झालं की कपाटात जातो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला तर घर बदलताना पंचावन्न इंची काच टेम्पोतून नेण्याची धास्ती असते. त्यामुळे ही वस्तू घ्यावीशी वाटणं यात वावगं काही नाही. मात्र ती निवडताना बहुतेक सगळी चर्चा यंत्राभोवती फिरते: कोणती कंपनी, किती लुमेन, अँड्रॉइड आहे का, ‘फोर-के’ लिहिलंय का. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्वस्त प्रोजेक्टर घेणारा माणूस अर्धीच वस्तू विकत घेतो. उरलेली अर्धी म्हणजे अंधार, आणि तो घरानं पुरवायचा असतो. आपल्या हॉलमध्ये किती अंधार होऊ शकतो, तो कोणत्या वेळी होऊ शकतो आणि त्या वेळी बघायला कोण मोकळं असतं, हे आधी ठरलं की यंत्राची निवड पुष्कळशी आपोआप होते. हे ठरवल्याशिवाय घेतलेला प्रोजेक्टर चांगला असूनही दोन-तीन महिन्यांत माळ्यावर जाऊन बसतो.

सुरुवात लुमेनपासूनच करू, कारण खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. प्रोजेक्टरचा उजेड मोजायची एक मान्य रीत आहे. अमेरिकेच्या एएनएसआय या मानक संस्थेनं १९९२ मध्ये ती घालून दिली. पडद्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणायचं. येतो तो आकडा म्हणजे ‘एएनएसआय लुमेन’. आयएसओचं पुढचं मानकही याच विचारावर उभं आहे. खोक्यावर नुसतं ‘९००० लुमेन’ किंवा ‘एलईडी लुमेन’ लिहिलेलं असतं तेव्हा हा आकडा अशा रीतीनं मोजलेला असेलच याची काही खात्री नसते. कधी तो आतल्या दिव्याचा असतो, लेन्समधून बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे. एकाच यंत्राचे दोन आकडे किती दूर असू शकतात याचं उघड उदाहरण म्हणजे सॅमसंगचा ‘फ्रीस्टाइल’. भारतात २०२२ मध्ये तो ८४,९९० रुपयांना आला, तेव्हा त्याचा उजेड ५५० एलईडी लुमेन म्हणून सांगितला गेला. एएनएसआयच्या मापानं तोच उजेड २३० भरतो. नावाजलेल्या कंपनीच्या महागड्या यंत्रात दुपटीहून जास्त फरक पडतो, तर सात हजारांच्या बिननावाच्या डब्यावरच्या हजारोंच्या आकड्यावर किती विसंबायचं ते उघड आहे. अमेरिकेत एप्सननं अशा फुगवलेल्या आकड्यांबद्दल गेल्या काही वर्षांत अनेक विक्रेत्यांवर दावे लावले. एप्सन स्वतः प्रोजेक्टर विकते, त्यामुळे तिचा हेतू निव्वळ ग्राहकहिताचा म्हणता येणार नाही. तरी तिनं काढलेला मुद्दा खरा आहे. म्हणून पहिली गाळणी अशी लावावी: ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एएनएसआय अथवा आयएसओ लुमेन लिहिलेले नाहीत, तो प्रोजेक्टर यादीतून काढावा. या एकाच अटीनं बाजारातला मोठा ढीग बाजूला होतो.

आता खरा आकडा मिळाला असं धरू. तो पुरेसा आहे की नाही हे पडद्याच्या मापावर ठरतं. सोळा-नऊ प्रमाणातलं शंभर इंची चित्र, म्हणजे कर्ण शंभर इंचांचा, साधारण २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतं. क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर २०० लुमेन पसरले की प्रत्येक चौरस मीटरला जेमतेम ७२ लुमेन, म्हणजे ७२ लक्स येतात, आणि पांढऱ्या मॅट पडद्यावरून डोळ्यांपर्यंत पोचणारी प्रखरता सुमारे २३ निट्स भरते. चित्रपटगृहातल्या पडद्यासाठी जगभर धरलेलं माप ४८ निट्सचं आहे, तेही पूर्ण अंधाऱ्या सभागृहात. म्हणजे २०० लुमेनचा प्रोजेक्टर शंभर इंचांवर थिएटरच्या निम्माच उजेड देतो. तेच चित्र ऐंशी इंचांवर आणलं तर क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर होतं आणि प्रखरता ३६ निट्सवर जाते. साठ इंचांवर ती ६४ होते. उलट बाजूनं मांडायचं तर थिएटरच्या बरोबरीचा उजेड मिळवायला साठ इंचांना दीडशे, ऐंशी इंचांना सुमारे २७० आणि शंभर इंचांना सव्वाचारशे एएनएसआय लुमेन लागतात. यात भिंतीच्या रंगाची घट धरलेली नाही. शिवाय कंपनी आकडा मोजते तो सर्वांत प्रखर ‘मोड’मध्ये, जिथे पांढरा रंग हिरवट किंवा निळसर झालेला असतो. माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसावेत अशा मोडवर आलं की उजेड बराच खाली येतो. ‘२०० इंचांपर्यंत चित्र’ ही ओळ म्हणूनच निरर्थक आहे. लेन्स मागे नेली की चित्र मोठं होतंच, उजेड मात्र तेवढाच राहतो आणि पातळ होत जातो.

एवढं गणित अंधाऱ्या खोलीचं झालं. हॉलमध्ये एक ट्यूबलाइट लागली की चित्र पार बदलतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो, आणि जिथे टाकत नाही तिथे भिंत जशी आहे तशी दिसते. ट्यूबलाइटमुळे त्या भिंतीवर ५० लक्स पडत असतील, तर आपला ‘काळा’ ५० लक्सचा झाला. वर प्रोजेक्टरचे ७२ मिळून ‘पांढरा’ १२२ चा. दोघांचं गुणोत्तर अडीचलाही पोचत नाही. अशा चित्रात रात्रीचे प्रसंग, केसांचा काळेपणा, गडद रंगाच्या साडीचे काठ, काहीही वेगळं ओळखू येत नाही. टीव्हीचं तसं होत नाही, कारण त्याचा पडदाच काळा असतो आणि साधा एलईडी टीव्हीही अडीचशे-तीनशे निट्स देतो. दुकानातल्या काळ्या पडद्यांनी बंद केलेल्या कोपऱ्यात प्रोजेक्टर सुंदर दिसतो आणि घरी फिका पडतो, त्याचं कारण एवढंच. हे नवं ज्ञान नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात आपल्या मुलांच्या साथीनं ‘शांबरिक खरोलिका’ नावानं दिव्याच्या चित्रांचे खेळ केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं पडद्यावर टाकून पुराणातल्या कथा सांगायच्या, असा तो प्रकार होता. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांची नोंद सिनेमाचे पूर्वज म्हणून घेतली जाते. तेव्हाचा दिवा अशक्त, म्हणून अशा खेळाला अंधार ही पहिली गरज. सव्वाशेहून जास्त वर्षांत दिवा बदलला, लेन्स बदलली, काचेच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅनेल आलं. कमी उजेडाच्या यंत्राची अंधारावरची भिस्त मात्र तशीच आहे.

मग आपल्या घरांत अंधार कितपत होतो? ठाण्यातला नौपाडा किंवा डोंबिवलीतलं टिळकनगर, रामनगर इथल्या जुन्या इमारतींत खिडक्या लहान, समोरची इमारत हाताच्या अंतरावर, त्यामुळे दिवसाही उजेड बेताचा. तिथे जाड पडदा लावला तर दुपारीसुद्धा हॉल बऱ्यापैकी काळोखा होतो. घोडबंदर रोड, खडकपाडा, पलावा अशा नव्या वस्त्यांतल्या फ्लॅटला मात्र जमिनीपासून छतापर्यंतची स्लायडिंग असते आणि तीच घराची शान म्हणून विकलेली असते. तिला पूर्ण उजेडरोधक पडदा करायचा तर दहा-बारा फुटांचं जाड कापड, रॉड आणि शिलाई धरून प्रोजेक्टरच्या किमतीचा दखल घेण्याजोगा हिस्सा त्यातच जातो. हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही. त्यात पश्चिमेकडचा हॉल असेल तर जूनमध्ये सव्वासातपर्यंत सूर्य खिडकीतच असतो.

खिडकीपेक्षाही मोठी अडचण घड्याळाची आहे. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, कल्याण ५४. संध्याकाळची लोकल पकडून माणसं साडेसात-आठ-नऊला घरात शिरतात. त्याच वेळी किचनमध्ये पोळ्या चालू असतात, एक मूल अभ्यासाला बसलेलं असतं, कुणीतरी पाहुणा आलेला असतो. वन-बीएचकेत किचनचा दिवा हॉलच्या भिंतीवर येतो, वन-आरकेत तर दोन्ही एकच. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, मराठी मालिकांची गर्दीची वेळही तीच. म्हणजे घराला पडद्याची सर्वाधिक गरज ज्या दोन-तीन तासांत असते, नेमके तेच तास दिवे लावून जगायचे असतात. स्वस्त प्रोजेक्टरचे खरे तास रात्री दहानंतरचे, किंवा सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून मिळणारे. आठवड्यातून एखादा सिनेमा सगळ्यांनी बसून बघायचा, एवढीच अपेक्षा असेल तर हे तास पुरतात. रोजच्या बातम्या, मालिका आणि क्रिकेट यांसाठी पुरत नाहीत. माझा ठाम सल्ला असा की अडीचशे लुमेनच्या आतबाहेरचा प्रोजेक्टर टीव्हीच्या जागी घेऊ नये. टीव्ही असलेल्या घरानं, दुसरी वस्तू म्हणून, खुशाल घ्यावा.

अंतराचा हिशेब याच हॉलमध्ये करायचा असतो. बहुतेक स्वस्त प्रोजेक्टरना चित्राच्या रुंदीच्या सव्वापट अंतर लागतं. शंभर इंचांसाठी पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. हॉलची रुंदी दहा फूट, त्यातून यंत्राची खोली आणि मागे हवा खेळायला ठेवायची जागा वजा केली की उरतं काय? प्रोजेक्टर सोफ्याच्या पाठीशी, माणसांच्या डोक्यांच्या रेषेत येतो, आणि उठलेल्या प्रत्येकाची सावली पडद्यावर. ऐंशी इंचांना सव्वासात फूट पुरतात, तेव्हा यंत्र मधल्या टीपॉयवर ठेवता येतं. दहा फुटी हॉलला ऐंशी इंच हेच मला योग्य माप वाटतं. वर काढलेला उजेडाचा हिशेबही तिकडेच बोट दाखवतो. यंत्र तिरकं ठेवून चित्र ‘कीस्टोन’नं सरळ करायची सोय सगळीकडे असते, पण ती चित्राचे ठिपके आणि उजेड दोन्ही कापूनच सरळपणा आणते. जितकं समोर ठेवाल तितकं चांगलं. छताला टांगणं सर्वांत नीट, पण भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय छताला भोक पाडता येत नाही आणि पीओपीच्या खोट्या छताला वजन पेलत नाही. भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवायचे ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ प्रोजेक्टर ही अडचण सोडवतात, पण त्यांची किंमत या लेखाच्या कक्षेबाहेरची आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सरळ टीव्हीच घ्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ‘फोर-के’ पडद्याचा पंचावन्न इंची टीव्ही आता मध्यम प्रोजेक्टरच्या किमतीत येऊन बसतो. उजेड दसपट, दिवसाही चालतो, आवाज बरा, दुरुस्ती गल्लीत. हा आक्षेप वजनदार आहे आणि बहुतेक घरांसाठी तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. पण प्रोजेक्टरकडे एक गोष्ट आहे जी या पैशांत टीव्हीकडे नाही, ती म्हणजे माप. तीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या नजरेचा पंचावन्न इंची टीव्ही सुमारे २३ अंश कोन व्यापतो, त्रेचाळीस इंची जेमतेम १८. थिएटरमध्ये किमान तीस अंश अपेक्षित असतात. शंभर इंची चित्र चाळीस अंशांवर जातं, ऐंशी इंची तेहतीसच्या आसपास. सिनेमात शिरल्यासारखं वाटतं ते या कोनामुळे, आणि ते कितीही तेजस्वी छोट्या पडद्यावर मिळत नाही. ज्यांना सिनेमा मनापासून आवडतो त्यांच्यासाठी हा फरक थोडाथोडका नाही. म्हणून मी प्रोजेक्टरला खेळणं म्हणून हिणवायला तयार नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते काम तो अंधारातच करतो.

मोठ्या चित्राची एक किंमत मोजावी लागते. ठिपकेही मोठे होतात. शंभर इंचांवर १९२० बाय १०८० चा एकेक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या आतला असतो. तीन मीटरवरून निरोगी डोळा एक मिलिमीटरच्या थोडं आतलं ओळखतो, म्हणजे हे रिझोल्यूशन काठावर पास होतं. १२८० बाय ७२० चा ठिपका पावणेदोन मिलिमीटरचा, तो दिसतो. आणि अगदी स्वस्त यंत्रांत असलेल्या ८५४ बाय ४८० चा ठिपका अडीच मिलिमीटरच्या वर जातो. तिथे सबटायटलची अक्षरं दातेरी होतात, क्रिकेटचा स्कोअर वाचताना डोळे बारीक करावे लागतात. खोक्यावर ‘१०८०पी सपोर्टेड’ किंवा ‘फोर-के सपोर्ट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की यंत्र तो सिग्नल स्वीकारतं आणि लहान करून आपल्या छोट्या पॅनेलवर दाखवतं. विचारायचं ते ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन. ते लिहिलेलं नसेल तर ते कमी आहे असं समजून चालावं. यंत्रातल्या अ‍ॅप्सचंही तसंच. अनेक स्वस्त प्रोजेक्टरमधल्या अँड्रॉइडला नेटफ्लिक्ससारख्या सेवांची मान्यता नसते. मग अ‍ॅप चालतच नाही किंवा चोरी रोखणाऱ्या कुलपाची खालची पायरी लागून चित्र ४८० च्या दर्जावर येतं. आतल्या अँड्रॉइडसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा साधा एचडीएमआय असलेलं यंत्र घेऊन त्याला मान्यताप्राप्त स्टिक किंवा घरातला सेट-टॉप बॉक्स जोडणं कधीही शहाणपणाचं. स्टिक पुढच्या यंत्रालाही चालते.

टिकाऊपणाबद्दल जाहिरातीत दिव्याचे तीस हजार तास सांगतात. रोज दोन तास धरले तर ती एकेचाळीस वर्षं होतात. इतकं आयुष्य प्रोजेक्टरमधल्या दुसऱ्या कुठल्याच भागाला नसतं. प्रत्यक्षात आधी जातो पंखा, किंवा अ‍ॅडॉप्टर, किंवा एलसीडीमागची पोलरायझर फिल्म, जी उष्णतेनं करपली की चित्राच्या मधोमध पिवळा डाग धरते. ठाणे-कल्याण पट्ट्यात यात धुळीची भर आहे. मेट्रोची कामं, शिळफाट्याकडचा रस्ता, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची पाडापाडी, सगळं एकाच वेळी चालू असताना उघड्या खिडकीतून येणारी धूळ पंखा थेट यंत्रात ओढतो. ज्यांचा काचांचा भाग बंदिस्त नसतो त्यांत ही धूळ पॅनेलवर बसते आणि पडद्यावर करड्या फुगलेल्या ठिपक्यांसारखी दिसते. ती बाहेरून पुसता येत नाही. म्हणून स्वस्त एलसीडी यंत्र घेताना ‘सील्ड इंजिन’ आहे का, हा प्रश्न ब्लूटूथ आहे का यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या डीएलपी यंत्रांना पोलरायझर करपण्याचा धोका नसतो, पण रंगचक्र असलेल्या डीएलपीत काहींना नजर हलवताना रंगांच्या रेघा चमकलेल्या दिसतात. घरातल्या सगळ्यांनी एकदा बघून मगच ते घ्यावं.

या किमतीत एक वेगळी वाट आहे, जिची चर्चा पुरेशी होत नाही: ऑफिस-शाळांसाठी बनवलेला दिव्याचा प्रोजेक्टर, जुना वापरलेला. एप्सनच्या ईबी-ई०१ सारखं साधं मॉडेल घ्या. ३३०० लुमेन, १०२४ बाय ७६८. त्याचं पॅनेल चार-तीन प्रमाणाचं, त्यामुळे रुंद सिनेमा दाखवताना वरखालचा चौथा हिस्सा वाया जातो. तरी सुमारे २४७५ लुमेन उरतात. शंभर इंचांवर ते ९०० लक्स देतात. मघाच्याच ट्यूबलाइटमध्ये पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर आता एकोणीसच्या घरात जातं. ते थिएटरसारखं नाहीच, पण साडेसातचा सामना दिवा न मालवता बघता येतो. वर मांडलेली घड्याळाची अडचण सोडवणारा या बजेटमधला मला दिसणारा हा एकमेव मार्ग. त्याची किंमत वेगळ्या रूपांत मोजावी लागते. ठिपके मोठे, पंख्याचा आवाज जास्त, वीज दोनशे-तीनशे वॅट, आणि दिवा बदलायचा खर्च. दिव्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. चार हजार तास म्हणजे रोज दोन तासांनी साडेपाच वर्षं. जुनं यंत्र ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑफिस बंद करणाऱ्याकडून घेताना मेनूमधले दिव्याचे तास बघावेत, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र टाकून डाग शोधावेत आणि तो दिवा अजून मिळतो का हे आधी विचारावं. डोंबिवली-कल्याणमध्ये वीज अचानक गेली तर तापलेल्या दिव्याला थंड व्हायला पंखा मिळत नाही आणि त्याचं आयुष्य घटू शकतं. इन्व्हर्टर असलेल्या घरानंच हा पर्याय निश्चिंतपणे निवडावा, आणि इन्व्हर्टरला हा भार पेलतो ना ते तपासून.

मुलांच्या डोळ्यांना प्रोजेक्टर चांगला, कारण उजेड परावर्तित असतो, असं विक्रेते सांगतात आणि आई-वडिलांना ते पटतं. डोळ्याला परावर्तित आणि थेट उजेडातला फरक कळत नाही. त्याला कळते ती प्रखरता आणि अंतर. लांबून बघणं मोबाइल नाकाशी धरण्यापेक्षा नक्कीच बरं, पण ते श्रेय अंतराचं आहे आणि टीव्हीलाही तितकंच लागू आहे. उलट फिक्या चित्रावरची बारीक अक्षरं वाचायला डोळ्यांना ताणच पडतो. या कारणासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आवाजाबद्दल थोडक्यात. यंत्रातला छोटा स्पीकर पंख्याच्या घरघरीशी झुंजत असतो, म्हणून घरात असलेला साउंडबार किंवा जुना म्युझिक सिस्टीमचा स्पीकर तारेनं जोडावा. ब्लूटूथनं ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. रात्री दहानंतरच अंधार मिळणार असेल तर शेजारच्या भिंतीचाही विचार करावा लागतो. सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावण्याचा उत्साह समजण्यासारखा आहे, आणि गच्चीवरचा अंधार घरापेक्षा सरस असतो. पण उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे, आणि ओटीटीचं वर्गणी-खातं घरगुती वापरासाठी असतं. सगळ्या सोसायटीला सिनेमा दाखवणं त्यात बसत नाही, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. गणपतीत मुलांनी केलेल्या नाचाचं चित्रण किंवा सोसायटीच्या सहलीचे फोटो गच्चीवर दाखवायला मात्र कुणाची आडकाठी नाही, आणि दोन-तीनशे लुमेनचं यंत्र त्याला पुरून उरतं.

या सगळ्यातून घराघराचा निर्णय वेगळा निघेल. एकच पडदा परवडतो आणि घरात वृद्ध किंवा मालिका बघणारं कुणी आहे, तिथे टीव्ही. टीव्ही आहेच आणि रात्रीच्या सिनेमाची आवड आहे, तिथे तीनशे ते चारशे एएनएसआय लुमेनचं, नेटिव्ह १०८०चं, बंदिस्त काचांचं यंत्र, ऐंशी इंचांवर. एवढे लुमेन बजेटमध्ये बसत नसतील तर चित्र साठ-सत्तर इंचांवर ठेवावं. रिझोल्यूशनवर तडजोड करू नये. क्रिकेटसाठी दहा माणसं जमतात आणि दिवे मालवता येत नाहीत, तिथे ऑफिसचा प्रोजेक्टर. स्लायडिंगला जाड पडदा करायची तयारी नसेल आणि दिवसा बघायचं असेल, तर या पैशांत कुठलाच प्रोजेक्टर नको. बजेट ठरवताना पडद्याचं कापड, स्पीकर, लांब एचडीएमआय वायर आणि स्टिक यांसाठी एक-तृतीयांश रक्कम आधीच बाजूला काढावी. पडदा लगेच घ्यायलाच हवा असं नाही. पुट्टी घासून त्यावर पांढरा मॅट रंग दिलेली भिंत चांगलं काम देते. चकचकीत ऑइलपेंट आणि क्रीम रंग मात्र टाळावा, पहिल्यात दिव्याचा डाग चमकतो आणि दुसऱ्यात प्रत्येक चेहऱ्याला कावीळ होते.

वस्तू घरी आल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी एक तपासणी करावी, ती अवघड नाही. रात्री सगळे दिवे मालवून भिंतीवर ऐंशी इंची पूर्ण पांढरं चित्र टाकावं. मोबाइलवर लक्स मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घेऊन फोनचा सेन्सर प्रोजेक्टरकडे करून चित्राच्या नऊ भागांत एकेकदा धरावा, आकडे लिहून सरासरी काढावी आणि १.७६ नं गुणावं. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेतला नसतो, वीस-तीस टक्के इकडेतिकडे धरायला हरकत नाही. पण खोक्यावर चारशे एएनएसआय लुमेन लिहिलेले असताना उत्तर दीडशेच्या आत आलं, तर चूक फोनची नसते. नंतर संध्याकाळी साडेसातला, किचन चालू असताना, घरातले नेहमीचे दिवे लावून त्याच भिंतीवर रोज बघतो तो कार्यक्रम अर्धा तास लावावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला पडद्यावरची अक्षरं वाचायला सांगावीत. वाचता आली नाहीत आणि त्या वेळेलाच घराला पडदा हवा असेल, तर यंत्र खोक्यात भरून परत पाठवावं.